समेटाचा रविवार

उपासना सुरू होऊन वीस मिनिटं झाली, तरी स्मितानं एकही गीत धड म्हटलं नव्हतं. पुस्तक सुलटं धरलंय की उलटं, तेही तिला सांगता आलं नसतं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

महिन्याचा पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन, आणि या चर्चमध्ये प्रभुभोजनाआधी समेट. ज्यांचं कुणाशी बिनसलंय त्यांनी पुढं यायचं, सगळ्यांसमोर हात मिळवायचा, ‘माफ केलं’ म्हणायचं आणि मगच भाकर घ्यायची. रीत चांगलीच हो, वाईट कोण म्हणतो? छत्रीबागेतले रामभाऊ आणि त्यांचा धाकटा भाऊ एका भिंतीपायी अकरा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, ते इथंच गळ्यात पडून रडले. खुद्द स्मिताचं सासूबाईंशी, इंदुमतीबाईंशी, इथंच जमलं. म्हणून तर गुरुवारी कमिटीत पाळकसाहेबांनी समेटाचं नाव काढलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. स्मितानंही.

आज समेट व्हायचा होता तो अकरा वर्षांच्या अबोलीचा आणि क्वायर शिकवणाऱ्या विक्रांत सरांचा.

अबोली संडे स्कूलमध्ये स्मिताच्या वर्गात होती. गेल्या रविवारी बाकीची मुलं गेल्यावर ती बाकापाशी घुटमळत राहिली आणि म्हणाली, “टीचर, सर मला एकटीला प्रॅक्टिसला बोलावतात. कडी लावतात. मग हात लावतात, मला नाही आवडत.” स्मिताच्या पायाखालची जमीनच सरकली. विक्रांत म्हणजे अख्ख्या मंडळीचा लाडका भाऊ, ‘विक्रांतभिया’. दर वर्षी एक मुलगी निवडायचा, नाताळात एकटीनं गायला. गेल्या वर्षी निधी गायली होती. नंतर तिचा गळा बसला म्हणे. पोर क्वायरमध्ये नुसतं तोंड हलवायची, आणि आपण सगळी शहाणी माणसं तिला मुलेठी चघळायला देत होतो.

आणि गंमत बघा. त्या प्रॅक्टिसच्या खोलीबाहेरच नियमांचा कागद टांगलेला आहे, काचेच्या फ्रेममध्ये. मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही. मुलानं काही सांगितलं तर लगेच पोलिसांना कळवायचं. फ्रेम स्मितानंच करून आणली होती, खिळाही तिनंच ठोकला होता. पण वेळ आली तेव्हा बाई कागदाप्रमाणे वागल्या नाहीत, पाळकसाहेबांकडं गेल्या.

“आपलेच दात, आपलेच ओठ, स्मिताजी,” पाळकसाहेब म्हणाले होते. “विक्रांत रडला माझ्यासमोर. म्हणतो, गलती हो गई. पोलिसांत गेलं तर इंदूरभर पोरीचंच नाव खराब होईल. समेट करून टाकू, बात खतम.” त्यांनी बोलावून घेतलेल्या अबोलीच्या आईनं, सुमननं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हटलं. आणि स्मिता तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. तेव्हापासून तिला स्वतःची लाज वाटत होती.

आज सकाळी चर्चच्या दारातच अबोलीनं तिला गाठलं. “टीचर, ‘माफ केलं’ म्हटलं की परत प्रॅक्टिसला जावं लागेल का?”

स्मितानं तिच्या केसांतली पिन नीट केली आणि उत्तर दिलं नाही. तेच आता तिला खात होतं.

पाळकसाहेबांनी मेजावरचं पांढरं कापड सरळ केलं. “आज आपल्यातल्या दोघांना प्रभूच्या मेजासमोर एक व्हायचंय,” ते म्हणाले.

विक्रांत उठून पुढं आला. इस्त्रीचा शर्ट, डोळे खाली, हात पुढं. कमिटीबाहेर कुणाला काही माहीत नव्हतं. लोकांना वाटलं, पोरगी प्रॅक्टिसला उलटून बोलली असेल. कुणीतरी कौतुकानं हसलंसुद्धा. अबोली उठली. तिनं उजवा हात फ्रॉकला पुसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

ते पुसणं बघितलं आणि स्मिताला बसवेना. कधी उठली, कधी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली, तिचं तिलाच कळलं नाही.

“ही हात मिळवणार नाही,” ती म्हणाली.

“स्मिताजी, बैठिए,” पाळकसाहेब हळूच म्हणाले. “कमिटीत ठरलंय. तुम्हीही हो म्हणाला होतात.”

“म्हणाले होते. चुकलं माझं. समेट भांडणाचा असतो, पाळकसाहेब. या लेकरानं कुणाशी भांडण केलेलंच नाही. मी आता इथून सरळ पोलीस ठाण्यात चाललेय.”

विक्रांतचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला, मग खिशात गेला.

“सुमन, येतेस?” स्मितानं विचारलं.

सुमन खाली मान घालून बसली होती. स्मिताला वाटलं, संपलं, ही काही उठत नाही. मग सुमननं मांडीवरची पर्स खांद्याला लावली, पुढं आली आणि लेकीचा तोच हात घट्ट धरला.

तिघी मधल्या वाटेनं निघाल्या. मागं कुजबुज सुरू झाली होती. “अगं, उपासना तरी होऊ दे,” इंदुमतीबाई म्हणाल्या. स्मिता सासूबाईंसाठी थांबली नाही. थांबली ती क्वायरच्या बाकापाशी, कारण तिथं निधी उठून उभी राहिली होती. वर्षभर जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, त्या पोरीनं गाण्याचं पुस्तक बाकावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं,

“टीचर, मी पण येऊ?”