अनोळखी नंबर

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. श्रीहरी पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला होता. दोन वर्षांपूर्वी फोनवरच्या खोट्या पोलिसांनी अटकेची भीती घालून मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेलं सगळं लुबाडलं. तेव्हापासून अनोळखी नंबर उचलायचा नाही आणि यंत्रानं काहीही विचारलं तरी नको म्हणायचं, असा त्याचा नेम झाला. दीपश्रीच्या लॅपटॉपवर काही नवं चढवायला किंवा बदलायला लागणारा पासवर्डही त्यानं आपल्याच डोक्यात ठेवला. पोरीलासुद्धा सांगितला नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं पासवर्ड टाकला आणि दीपश्रीनं परीक्षेचा प्रोग्राम चढवला. परीक्षा घरूनच द्यायची होती. मोबाइल बाजूला उभा करून लॅपटॉपला जोडायचा, म्हणजे परीक्षकांना खोली दिसणार. पास झाली तर विद्यावेतनावर एम. एस्सी., नाहीतर शिक्षण संपलं. फी भरायला घरात काही उरलंच नव्हतं.

ती चहा ठेवायला उठली तेवढ्यात पडद्यावर फायरवॉलची चौकट आली. या प्रोग्रामला बाहेरची जोडणी येऊ द्यायची का? श्रीहरीनं नको म्हटलं आणि चोर परतवल्याच्या समाधानात चहा प्याला. यात सांगण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं.

सकाळी तो धारवाडहून हुबळीला, कमरीपेठेतल्या आपल्या दोरे-गुंड्यांच्या दुकानात गेला. थोड्या वेळानं फोन वाजला. अनोळखी नंबर. त्यानं कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

“लई चिवट हाय की हो,” गुंड्या निवडणारी बाई म्हणाली.

“असू दे री अक्का. आता श्रीहरी फसायचा न्हाई.” त्यानं तो नंबरच ब्लॉक करून टाकला.

दुपारी जेवायला घरी आला तर शेजारच्या गोदूबाई दारातच बसलेल्या.

“किती येळ फोन लावली रे पोर माझ्या नव्या फोनवरनं! तिचा मोबाइल परीक्षेत अडकलेला. कापत काय होतास?”

दीपश्री आतून शांतपणे म्हणाली, “मोबाइल लॅपटॉपला जोडला गेलाच नाही, अप्पा. मदतीच्या नंबरवर विचारलं. म्हणाले, फायरवॉल अडवतोय, कुणीतरी नको म्हटलंय. परवानगीची एक खूण करायची होती. त्याला तुमचा पासवर्ड लागत होता. दहाला परीक्षेचं दार बंद झालं.”

 श्रीहरी लॅपटॉपपुढे बसला. पासवर्ड टाकला, ती सांगेल तिथं खूण केली. मोबाइल लगेच जोडला गेला. पडद्यावर बाजूनं दिसणारी खोली आली, आणि खोलीत तोच, दोन्ही हात मांडीवर टाकून बसलेला. चोरांनी नेलं त्याहून जास्त आज आपण आपल्या हातानं घालवलं, हे त्याला कळलं. त्याला रडू फुटलं.

“पुढच्या वर्षी बस, पोरी. पासवर्ड लिहून घे. आत्ताच घे.”

“नको, अप्पा. आता कशाला लागतोय तो,” दीपश्री म्हणाली आणि त्याचं ताट वाढायला उठली.