खाऊनपिऊन सुखी

"या जगात न्याय उरलेला नाही!" वजनमाप निरीक्षकांनी स्वयंपाकघराच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं.

"उरलाय तेवढा पुरे. आधी गॅस बंद करा, दूध वर आलंय," बायको म्हणाली.

निरीक्षकांनी गॅस बंद केला. खरं तर सकाळी नऊपर्यंत जगात न्याय व्यवस्थित होता. मुलीला खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फीमध्ये वीस टक्के सवलत जाहीर झाली होती, आणि 'वीस तर वीस, बाकीचं बघू कुठून तरी' असं पुटपुटत निरीक्षक दाढी करत होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी साडूंचा निरोप आला. त्यांच्या मुलीला, त्याच कॉलेजात, सत्तर टक्के. तेव्हापासून न्याय जो गेला तो गेलाच.

"सत्तर! अगं, फरशांचं एवढं मोठं दुकान त्या माणसाचं!"

"त्यांचं कुठे? त्यांच्या भावाच्या नावावर आहे ना ते."

हेही खरंच. दुकान भावाच्या नावावर, घर आईच्या, गाडी दुकानाच्या. साडूंच्या स्वतःच्या नावावर फक्त मधुमेह होता. उलट निरीक्षकांचा पगार सरकारला तोंडपाठ. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले, आणि आता स्वतःच पारड्यात बसायची वेळ आली तर ही तऱ्हा.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्हाला माझ्या वीसचं वाईट वाटतंय की मावशीकडच्या सत्तरचं?"

या प्रश्नाचं खरं उत्तर निरीक्षकांना ठाऊक होतं, म्हणून ते तिच्यावर खेकसले. पण 'कुठून तरी' म्हणजे कुठून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. घराचे हप्ते होते, आईची औषधं होती. सवलत वाढली नाही तर कॉलेजातली जागा सोडावी लागणार होती, आणि फेरविचाराचे अर्ज आजच, पाचपर्यंत घेणार होते.

तीन वाजता ते कॉलेजच्या खिडकीपाशी पोचले. काचेपलीकडे एक मॅडम शिक्के मारत होत्या.

"मला एका अर्जाबद्दल बोलायचंय," निरीक्षक आवाज खाली आणून म्हणाले.

"तुमच्या?"

"नाही. साडूंच्या."

मॅडमनी मान वर केली नाही. "साडूंसाठी वेगळी खिडकी काढायला हवी. सकाळपासून तुम्ही तिसरे. त्यांची चौकशी व्हायची तेव्हा होईल. तुमचा अर्ज क्रमांक सांगा."

अर्ज निघाला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

"'कुटुंबाची आर्थिक अडचण सविस्तर लिहा.' इथे तुम्ही काय लिहिलंय?"

निरीक्षकांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"वाचते. 'देवदयेने काही कमी नाही. खाऊनपिऊन सुखी.'" मॅडमनी अर्ज काचेला लावला. "साहेब, हा सवलतीचा अर्ज आहे. स्थळ बघायला आलोय का आम्ही?"

आता हिला काय सांगायचं? अर्ज भरला त्या दिवशी साडू म्हणाले होते, मी जातोच आहे कॉलेजवर, तुमचाही अर्ज देऊन टाकतो. म्हणजे अर्ज आधी साडू वाचणार, मग मेहुणी वाचणार. त्यांच्या हातात काय आपल्या घराचे हप्ते ठेवायचे? निरीक्षकांनी तो रकाना कॉलेजसाठी नव्हे, साडूंसाठी भरला होता. साडूंनी तो समोरच वाचला आणि नुसतं "वा!" म्हणाले होते.

"पण मग वीस तरी का दिले?"

"ते सगळ्यांनाच दिलेत. तुमच्या आधी एक इस्त्रीवाले येऊन गेले. त्यांच्या मुलीला चाळीस. दीडच ओळ लिहिली होती बिचाऱ्यांनी."

निरीक्षकांना क्षणभर इस्त्रीवाल्याचाही हेवा वाटला. मग त्या हेव्याची लाज वाटली. तरी हेवा वाटायचा राहिला नाही.

"आणि साडूंनी?"

"दुसऱ्याचा अर्ज दाखवता येत नाही." मॅडमनी आवाज खाली आणला. "पण पुरवणी जोडली होती एवढं सांगते. वाचून आमच्या शिपायाचे डोळे भरून आले." त्यांनी एक कोरा कागद सरकवला. "अडचण लिहा. निदान अर्धं पान. पाच वाजता खिडकी बंद."

निरीक्षक बाकावर बसले. 'अडचण अशी की' एवढं झरझर उतरलं, पण पुढे डोळ्यांसमोर साडूंची नवी गाडी सोडून काही येईना. हप्ते होते, औषधं होती, पण ते आपल्या हाताने लिहायचं म्हणजे भर रस्त्यात सदरा उतरवण्यासारखं होतं. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा वाचून पाहिलं तर 'अडचण अशी की आमचे साडू' एवढंच होतं.

पाचला वीस मिनिटं कमी असताना त्यांनी फोन लावला.

"बोला साडूबुवा!" पलीकडून खणखणीत आवाज आला. "अभिनंदनाचा फोन ना? सकाळपासून वाट बघतोय!"

"हो, हो. अभिनंदन. फारच छान झालं. आम्हाला मनापासून आनंद झाला."

"आणि तुमचं काय? तुम्हाला काय कमी म्हणा! खाऊनपिऊन सुखी माणसं तुम्ही!"

निरीक्षकांनी डोळे मिटले. काचेपलीकडे मॅडम शिक्के ड्रॉवरमध्ये ठेवू लागल्या होत्या.

"ते अर्जाला तुम्ही जे जोडलं होतं ना," ते म्हणाले, "ते असेल जवळ तर जरा वाचून दाखवता का? सावकाश वाचा. मी लिहून घेतोय."