माझ्या मुलाची जोडीदारीण

जोड्यांचं स्केटिंग टीव्हीवर बघणाऱ्यांचा मला राग येतो. सोफ्यावर रेलून सूप ओरपायचं आणि म्हणायचं, "काय तरंगतात हो!" तरंगतात म्हणे. एकदा बर्फाजवळ येऊन बसा. बुटांची पाती बर्फ कापतात तेव्हा करवत चालल्यासारखा आवाज येतो. मुलगा मुलीला डोक्यावर उचलतो तेव्हा कण्हतो. ती फेकीतून खाली येते तेव्हा जो धप्प आवाज होतो, तो बाकातून तुमच्या पाठीच्या मणक्यापर्यंत चढतो. टीव्हीवर यातलं काही ऐकू येत नाही, तिथे फक्त व्हायोलिन असतं.

मी ट्रॉलीबस डेपोत कंट्रोलर होते. दिवसभर माइकवर ड्रायव्हरांना ओरडून ओरडून माझा आवाज फाटला तो कायमचा. नवरा लवकर गेला, आणि ग्लेबला मी त्याच आवाजात वाढवलं. तो लहानपणी सारखा आजारी पडायचा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, थंडीची सवय लावा. मी त्याला आईस पॅलेसमध्ये, शहरातल्या बर्फाच्या मैदानावर, नेऊन सोडलं. तो तिथलाच झाला. पुढे खांदे रुंद झाले तसं प्रशिक्षक मार्क एदुआर्दोविचनी त्याला जोडीत घातलं, आणि त्याच्या हातात उस्तिन्याचा हात दिला.

तेव्हा उस्तिन्या दात पडलेली पोर होती. तिचे वडील सावेली पोटॅशच्या खाणीत कामाला. माणूस एवढा उंच, की आमच्या ट्रॉलीबसमध्ये वाकून उभा राहायचा. आई दुसरं लग्न करून दक्षिणेला निघून गेलेली. त्यामुळे पोरीचे स्पर्धेचे झगे शिवायचे कुणी, तर मी. टाचण्या तोंडात धरून मी तिच्याभोवती फिरायचे आणि ती टोचलं की "निनेलमावशी, मी उशी नाहीये!" म्हणून किंचाळायची. तिच्या कमरेवर, मांड्यांवर कायम निळे-पिवळे डाग. ग्लेबच्या बोटांचे, बर्फाचे. मी मलम लावायचे. मुलगी नव्हती मला. इतकंच सांगते, जास्त नाही सांगत.

त्या हिवाळ्यात आमच्याच शहरात स्पर्धा होती. मोठी, देशभरातून जोड्या आलेल्या. आदल्या दिवशीच्या छोट्या फेरीत आमची मुलं तिसरी होती. सोळा वर्षांची उस्तिन्या आता वडिलांवर गेली होती. वर्षभरात झगा मला दोनदा लांब करावा लागला.

मी आणि सावेली खालच्या ओळीत बसलो होतो. त्याने थर्मासमधून चहा ओतून दिला, काळ्या बेरींचा मुरंबा घातलेला.

"घ्या, निनेल रोमानोव्ना. हात गरम ठेवा. टाळ्या वाजवायच्यात."

"तुम्ही आधी श्वास घ्या, सावेली इग्नातिच. मागच्या वेळी ग्लेबने पोरीला उचललं तेव्हा तुमचाच चेहरा निळा पडला होता."

तो हसला आणि बटाट्याच्या कचोऱ्या आणायला वर गेला. तो गेला न गेला तोच मागच्या ओळीतल्या झिनाने माझ्या खांद्यावर बोट टोचलं. झिना म्हणजे क्लबातल्या एका पोराची आई. जिला स्वतःच्या घरातलं सोडून सगळ्यांच्या घरातलं ठाऊक असतं, अशी बाई.

"नशीबवान आहेस बाई. ती नवी पोरगी अगदी चिमणी आहे. पिसासारखी. तुझ्या ग्लेबचा खांदा वाचला म्हण."

"कोण नवी पोरगी?"

"अगं, असं काय करतेस! ती येकातेरिनबुर्गहून आणलेली. पुढच्या महिन्यापासून ग्लेब तिच्याबरोबर नाही का? सकाळी सराव पण चालू झालाय त्यांचा, लवकरचा." मग माझा चेहरा बघून तिने हात तोंडावर ठेवला. तो हातसुद्धा तिने चवीने ठेवला. "म्हणजे, तुला सांगितलं नाही त्याने?"

"आणि उस्तिन्याला?"

"तिला स्पर्धेनंतर सांगणार. आधी कशाला पोरीचं मन मोडायचं? पदक तर येऊ दे."

पहाटे लवकर जाऊ लागला होता ग्लेब. मला म्हणायचा, व्यायामाला. मी त्याला अंडी उकडून द्यायचे. ती अंडी आठवली आणि डोकं सणकलं. ओरडून उठणार तेवढ्यात सावेली कचोऱ्या घेऊन आला आणि त्याने कागदातली मोठी कचोरी माझ्या हातात ठेवली.

आता त्याला काय सांगू? लाऊडस्पीकरवर त्याच्या पोरीचं नाव पुकारत होते. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि मागच्या रांगेतली माणसं "बसा की हो, खांब!" म्हणून ओरडत होती.

आमची मुलं बर्फावर आली. हातात हात. मी निळा झगा शिवला होता, गळ्यापाशी चंदेरी टाके. ग्लेबने तिच्याकडे बघून मान हलवली, नेहमीसारखी. इतकी वर्षं त्या मान हलवण्याला मी विश्वास म्हणत आले होते.

संगीत सुरू झालं. सुरुवातीलाच त्याने तिला कमरेला धरून हवेत भिरकावलं. ती त्याच्या डोक्याच्या वर चक्रीसारखी फिरली आणि तो खाली हात पसरून उभा. लोकांनी "आह" केलं. मला फक्त ते हात दिसत होते. खोटे हात. मग दोघं शेजारी शेजारी उडाले, शेजारी शेजारी उतरले, एकाच वेळी, एकाच आवाजात. अशी जुळवणी व्हायला वर्षं जातात. लग्नाच्या नवराबायकोत होत नाही ती. आणि हा माणूस रोज पहाटे दुसरीकडे जाऊन ती मोडून येत होता.

मग फेक आली. त्याने तिला अर्ध्या मैदानावर फेकून दिलं, अक्षरशः. ती हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर, मागच्या दिशेने उतरली. धप्प. गुडघा खोल वाकला, पण पाय ढळला नाही. बर्फाचा भुगा आमच्या पुढ्यातल्या फळीवर येऊन आदळला. सावेलीने माझं मनगट असं दाबलं की चहा सांडला.

"बघितलंत? बघितलंत?"

"बघितलं," मी म्हटलं. दात एकमेकांवर घट्ट होते.

शेवटाकडे त्याने तिला एका हातावर डोक्याच्या वर धरलं आणि तसाच पूर्ण मैदानाचा वळसा घेतला. आमच्यासमोरून गेला तेव्हा त्याच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या, खांदा थरथरत होता. खोटं कशाला बोलू, जड होत होतं त्याला. ती वर हात पसरून, मान ताठ. इतकी वर्षं ती वरून प्रेक्षकांकडे बघून हसायची. त्या दिवशी हसली नाही. सरळ समोर बघत होती, डोळे दगडासारखे. मला वाटलं, एकाग्रता.

संगीत थांबलं तेव्हा सगळं सभागृह उभं होतं. एकही चूक नाही. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं स्केटिंग केलं होतं त्यांनी. झिना मागे रडत होती, मेली! ग्लेबने उस्तिन्याला मिठी मारायला हात पुढे केले, तर ती वाकून बुटाची नाडी बघायला लागली.

गुण लागले. दुसरा नंबर. सावेली अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होता. त्या गडबडीत मी उठले आणि खेळाडूंच्या बोळात शिरले. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "बाई, पास?" मी म्हटलं, "आई आहे मी." असं म्हटलं तसा तो भिंतीला चिकटला.

बोळात रबराची चटई, घामाचा आणि हेअरस्प्रेचा वास. ग्लेब बाकावर बसून पाणी पीत होता. मार्क एदुआर्दोविच कुठल्याशा बाईशी हसत बोलत होते. उस्तिन्या थोडी लांब, जॅकेट खांद्यावर टाकून उभी.

"सांग तिला," मी ग्लेबला म्हटलं.

"आई, तू इथे कशी—"

"आत्ता सांग. पहाटे कुठे जातोस ते सांग."

त्याचा चेहरा पडला. मार्क एदुआर्दोविच लगबगीने आले, दोन्ही हात पुढे, मांजरीला हुसकावावं तसे. "निनेल रोमानोव्ना, काय हा तमाशा! पदक समारंभ आहे थोड्या वेळात. सगळं सभ्यपणे करणार आहोत आपण. नंतर."

"नंतर? पोरीच्या पाठीवर चढून पदक काढायचं आणि नंतर तिला रस्त्यावर सोडायचं, याला सभ्य म्हणतात होय तुमच्याकडे?"

"ती वाढली! मी काय करू? मी तिची हाडं कापू?" आता त्यांचाही आवाज चढला. "तुमच्याच मुलाचा खांदा जाईल. तुम्ही त्याची आई ना?"

"आई आहे म्हणूनच! खांदा जाऊ दे त्याचा. तोंड कुठे गेलंय त्याचं?"

माझा आवाज म्हणजे डेपोचा आवाज. पाणी पिणारी पोरं बाटल्या तोंडाला लावून तशीच थांबली.

"मला माहीत आहे," उस्तिन्या म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती ग्लेबशी बोलत होती, आमच्याशी नाही. "बरेच दिवस तू मला फार झटकन उचलतोयस. हलक्या मुलीला उचलावं तसं. मग मध्येच तुला आठवतं, की ही मी आहे. मला वरून कळतं रे ते. सोमवारी मी तुला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं, ग्लेब. तू काय म्हणालास?"

ग्लेब बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"काय म्हणालास?"

"नाही म्हणालो."

"हं." तिने जॅकेट काढून बाकावर टाकलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं गळ्यात पडेल. पण तिच्या डोळ्यांत नुसता अंगार होता. "आणि तुम्ही मावशी! मला हे पदक घेऊन होईपर्यंत कुणाशी काही बोलायचं नव्हतं. माझं होतं ते. सगळ्यांसमोर कशाला ओरडलात? आता सगळे माझ्याकडे असे बघतायत, मेलेल्या मांजरीकडे बघावं तसे."

मी बाकावरचं तिचं जॅकेट उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

समारंभाला नावं पुकारली. रीत अशी, की जोडी हातात हात घालून बर्फावर जाते. ग्लेबने हात पुढे केला. उस्तिन्या त्या हाताशेजारून निघून गेली. एकटीच. मैदानाच्या मध्यापर्यंत लांब, सावकाश सरकत गेली आणि तो मागून तिला गाठायला धडपडत राहिला. पदक गळ्यात पडल्यावर तिने चारी बाजूंना वाकून नमस्कार केला. फोटोवाल्यांनी "जवळ या, जवळ या" म्हटलं, तेव्हा ती पायरीवरून उतरून पलीकडच्या फाटकातून निघून गेली. ग्लेब दुसऱ्या पायरीवर एकटा उभा, शेजारची जागा रिकामी. लोकांना काही कळलं नाही. ते टाळ्या वाजवतच होते.

सावेलीला तिने स्वतः सांगितलं, बाहेर, बसच्या थांब्यावर. मी धावत गेले. तो माझ्याकडे वळला. वाटलं, आरडाओरडा करील. केला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "माझा चहा पीत होतात."

"अहो, तुम्ही कचोऱ्या आणायला गेलात तेव्हा कळलं मला! तेव्हाच!"

"मग तेव्हा सांगायचं."

"पोरगी बर्फावर उतरत होती! सांगून काय केलं असतंत? उडी मारली असती खाली?"

"हो," तो म्हणाला. "मारली असती."

बस आली. वाकून चढला तो, मागे उस्तिन्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. मी एकटीने तोंड उघडलं होतं त्या सगळ्या इमारतीत, आणि शिव्या मलाच.

त्या रात्री ग्लेब घरी आला तेव्हा बीटचं सूप, आमचं बोर्श, फ्रीजमध्ये होतं. मी गरम करून दिलं नाही.

"आई, मार्क एदुआर्दोविच म्हणाले, आधी बोललास तर तूही बाहेर. मी काय करणार होतो?"

"नवी जोडीदारीण घेतलीस त्याबद्दल मी बोलत नाही. खांदा दुखतो तुझा, ते मला आज दिसलं. पण पोरीने तोंडावर विचारलं आणि तू नाही म्हणालास. मग त्याच तोंडाने तिला डोक्यावर उचललंस. ती पडली असती तर?"

"पडली नाही ना."

"ती पडली नाही," मी म्हटलं. "तू नाही सांभाळलंस. तीच नाही पडली."

त्या चिमणीबरोबर तो दोन हिवाळे खेळला. मग तीही वाढली. तिलाही प्रशिक्षकांनी तसंच काढलं, यावेळी ग्लेबने आधी सांगितलं म्हणे तिला. मला हे त्याने फोनवर सांगितलं, शाबासकी मागितल्यासारखं. मी दिली नाही. त्या क्लबासाठी मी पुन्हा सुई हातात धरली नाही.

उस्तिन्या कझानला गेली. तिथे तिला एक दांडगा मुलगा मिळाला, आधी हॉकी खेळणारा, स्केटिंगमध्ये तिच्याहून कच्चा. पुढच्या वर्षी त्यांची स्पर्धा होती तेव्हा मी रात्रभर रेल्वेने जाऊन तिकीट काढून बसले. सावेली पलीकडच्या बाजूला दिसला, एवढा माणूस लपणार कुठे. मी हात केला. त्याने पाहिलं आणि मान फिरवली. बरं, फिरव.

फेकीतून उतरताना उस्तिन्या पडली. जोरात, कमरेवर, माझ्या बाकापर्यंत आवाज आला. तो मुलगा सगळं सोडून, संगीत सोडून तिच्याकडे धावला, हे चुकीचं असतं, गुण जातात. तिने बर्फावर मूठ आपटली आणि त्याच्यावर खेकसली, "पुढे चल, बैला!" पहिल्या ओळीतल्या सगळ्यांनी ऐकलं. लोक हसले. तोही हसला आणि तिला हात देऊन उठवलं. मग उरलेला सगळा वेळ ते दोघं एकमेकांकडे रागाने बघत स्केटिंग करत होते. नववे आले.

मी फाटक्या आवाजात तिचं नाव घेऊन ओरडले. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.