कुलूप काढणारी ओळ

लिनक्सच्या कर्नलमधली एक ओळ मी लिहिली आहे. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा तो भाग, जो बाकी सगळ्या प्रोग्रामना कामाला लावतो आणि स्वतः कधी दिसत नाही. आमच्या घरात हे काम माझी आई करते, त्यामुळे मला कर्नल समजायला वेळ लागला नाही.

केजला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते. बारा जुनी मशिनं, सगळ्यांवर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स, प्रत्येकाच्या मागे वायफायचं बोटभर डोंगल. कुणाचा गुडघा लागून डोंगल निसटलं, की अख्खं मशीन गप्प. माऊससुद्धा हलायचा नाही. क्लासचे सर म्हणायचे, बंद करून चालू करा. मला त्या उत्तराचाच राग यायचा. क्लास सुटला की मी कर्नलमधला डोंगलचा कोड वाचत बसायचे. असे चार महिने गेले आणि एकदाचं सापडलं. काम सुरू करताना तो कोड कुलूप लावतो, म्हणजे दुसऱ्या कुणी मध्ये हात घालू नये, आणि काम झालं की काढतो. डोंगल मध्येच निसटलं तर मात्र हा पठ्ठ्या कुलूप तसंच ठेवून बाहेर पडायचा. पुढे ज्याला आत जायचं तो ताटकळत बसायचा, आणि त्याच्यासोबत सगळं मशीन. मी तिथे कुलूप काढणारी एक ओळ घातली. मग शंभर वेळा डोंगल उपटलं. मशीन चालूच! रिकाम्या क्लासमध्ये मी एकटीच नाचले, खोटं कशाला सांगू.

अशी दुरुस्ती मेलने पाठवायची असते, जगभरातले लोक वाचतात अशा एका यादीवर. खाली आपलं नाव घालून सही करायची, की हे मी लिहिलं आहे. त्या भागाची राखण करणारा माणूस ती तपासतो. त्याने घेतली तर लिहिणाऱ्याचं नाव कर्नलच्या इतिहासात जातं आणि मग ते कुणालाच बदलता येत नाही. पुण्याच्या एका कंपनीला नेमकं तेच हवं होतं. कर्नलमध्ये तुमच्या नावाची एक तरी दुरुस्ती दाखवा, मग मुलाखत. म्हणजे माझी नोकरी त्या एका ओळीवर होती.

आणि मी काय केलं? ओळ आधी नवनाथदादाला पाठवली.

नवनाथदादा हा वडवणीच्या आत्याचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर. आमच्या घरात फॉर्म भरायचा असो की फ्रीज घ्यायचा, आधी दादाला विचारायचं अशी रीत आहे. "ती लोकं लई कडक हायत," तो म्हणाला. "नव्या माणसाला फाडून खातेत. मी पाठवतो." मी "बरं दादा" म्हणाले. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

तीन आठवड्यांनी दुरुस्ती घेतली गेली. लेखक म्हणून नाव नवनाथदादाचं. खाली एका कोपऱ्यात माझं, अडचण कळवणारी म्हणून. नळाला पाणी आलं नाही अशी तक्रार करावी, तेवढंच जणू मी केलं होतं.

फोन केला तर म्हणाला, "अगं, मेल माझा व्हता म्हणून माझं नाव लागलं. आन् मी बी एक ओळ घातली की त्यात."

घातली होती खरी. आपलाही हात लागला हे दाखवायला त्याने दुसऱ्या एका जागी कुलूप काढणारी ओळ टाकली होती. तिथे मुळात कुलूप लागतच नव्हतं.

दोन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. डोंगल लावलं की लोकांची मशिनं कोसळत होती. राखण करणाऱ्याने यादीवर सगळ्यांसमोर विचारलं, हे तपासून पाठवलं होतं का? तेव्हा दादाला एकदम माझी आठवण झाली. त्याने उत्तर लिहिलं, "मूळ दुरुस्ती माझ्या मामेबहिणीची, ज्योत्स्नाची आहे, मी ती फक्त पुढे पाठवली." श्रेयाच्या वेळी कोपऱ्यात गेलेलं माझं नाव आता पहिल्या ओळीत आलं, आडनावासकट.

दादाला पाठवलेला माझा मूळ मेल माझ्याकडे होता, तारखेसकट, त्यात दुरुस्तीची माझी एकच ओळ. तो यादीवर टाकायला बसले तर अण्णा, म्हणजे माझे वडील, आडवे आले.

"सख्ख्या बहिणीचं घर हाय माझ्या. चारचौघांत त्या पोराचं नाव घालवू नको. तुला दुरुस्तच करायचंय न्हवं? मग कर की मुकाट."

मी मुकाट केलं. दादाची ओळ उडवली, खाली माझी सही केली, चूक कुणाची ते लिहिलं नाही. आठवड्याच्या आत ती दुरुस्ती घेतली गेली. माझ्या नावावर अखेर काहीतरी जमा झालं, ते एक ओळ पुसल्याचं.

कंपनीने व्हिडिओवर मुलाखत ठेवली. प्रणिता मॅडम म्हणून होत्या, त्यांनी यादीवरचे सगळे मेल वाचले होते.

"स्वतःची चूक जगासमोर स्वतःच दुरुस्त केलीत," त्या म्हणाल्या. "आम्हाला असाच प्रामाणिकपणा हवा असतो."

मॅडम, ती चूक माझी नाही, हा मेल बघा, असं अगदी ओठांवर आलं होतं. दारात अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मी म्हणाले, "थँक यू, मॅडम." प्रामाणिकपणाबद्दल मिळालेली नोकरी मी खोटं गिळून घेतली, आणि त्याची मला भयंकर चीड आली.

नोकरी लागल्याचं आईला सांगितलं. तिने डोळे पुसले आणि पहिला फोन लावला तो नवनाथदादाला, स्पीकरवर.

"नवनाथा, तुझ्यामुळं झालं रं बाबा हे."

"मंग काय, मामी! मीच तर तिचं नाव टाकलं तिथं."

आईने फोन माझ्यापुढे धरला. "बोल की दादासंगं. दोन शब्द तरी बोल."

"दादा," मी म्हणाले, "ती मशीन पाडणारी ओळ तुझी होती. आईला सांग."

अण्णांनी मान खाली घातली. पलीकडून दादा अगदी मायेने म्हणाला, "मामी, पोरगी लई दमली हाय. वाचून वाचून डोक्यात ताप चढलाय तिच्या. जरा आराम करू द्या."

आणि आईने खरोखर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.