खांबामागची अकरा नंबर

त्या नाट्यगृहात दोनशे चार खुर्च्या होत्या आणि त्यातली एक खुर्ची म्हणवून घ्यायच्या लायकीची नव्हती. शेवटून दुसऱ्या रांगेतली, अकरा नंबरची. तिच्या ऐन पुढ्यात सज्जा पेलणारा लाकडी खांब होता, दोघांनी मिळून कवेत घ्यावा एवढा जाड. तिथे बसणाऱ्याला रंगमंचाची डावी बाजू दिसायची आणि उजवी नुसती ऐकू यायची. शंभर वर्षांपूर्वी ज्याने कुणी हे नाट्यगृह बांधलं, तो त्या जागी एकदाही बसला नसणार. बांधणारे नेहमी पुढेच बसतात.

अठरा वर्षं त्या खुर्चीवर एकच बाई बसत होती. इस्पितळाच्या धोबीखान्यात दिवसभर चादरी इस्त्री करायची आणि महिन्यातून एका रविवारी दुपारच्या खेळाला यायची. नाट्यगृहातली माणसं तिला अकरा नंबरच म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि तिला त्यात काही वाटायचं नाही. तिचं हसू तर नावाहूनही ओळखीचं होतं. थंडीत बंद पडलेली गाडी सुरू करावी तसा आधी दोन-तीनदा कोरडा खरखराट, आणि मग एकदम इंजिन पेटायचं. एकदा तिच्या हसण्यानेच एका नटाला हसू फुटलं होतं, आणि ते मरणाचं दृश्य होतं.

तिची मुलगी दोन वर्षांची असल्यापासून तिच्या मांडीवर बसून नाटकं बघायची. पाच वर्षांची असताना तिने विचारलं होतं, खांबाच्या पलीकडे पण माणसं असतात का गं? आईने सांगितलं, असतात, पण ती आपली आपण करायची. मग घरी जाताना मायलेकी रस्ताभर ती उजवी बाजू रचत जायच्या. कोण कुठे उभं असेल, कुणी कुणाकडे बघून दातओठ खाल्ले असतील. अर्ध्या तिकिटात दीड नाटक पडायचं त्यांच्या पदरात.

आणि आज तीच पोर त्याच रंगमंचावर उभी राहणार होती. नाट्यगृहाच्या शंभरीचा खास खेळ, त्यात मोलकरणीचं काम. चार वाक्यं. चार म्हणजे काय कमी झाली? धोबीखान्यात ही बातमी तिने इतक्यांदा सांगितली की मुकादम म्हणाला, आता चादरींनाही पाठ झालं असेल. आदल्या दिवशी तिने दोन चादरी जाळल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी निघताना पोरीने विचारलं होतं, "कुठे बसशील?"

"माझ्या जागेवर. अजून कुठे?"

पोर दारातून दोन पावलं परत आत आली. म्हणाली की तिला रंगमंचावरच्या खिडकीपाशी उभं राहायचं आहे, दिग्दर्शकाने जमिनीवर खडूची फुली मारून दिली आहे, उजेड बरोबर त्या फुलीवर पडतो, आणि पाय हलला तर तंगडी तोडीन असं त्याने बजावलंय. आईने मान डोलावली. तिच्या डोक्यात तेव्हा फक्त टाळ्या वाजत होत्या.

तिकीट खिडकीवरच्या माणसाने तिला लांबूनच पाहिलं आणि न विचारता अकरा नंबर फाडून ठेवलं. तिनेही न बघता ते पाकिटात कोंबलं. अठरा वर्षांची सवय, दोघांचीही. पडदा वर गेला तेव्हा तिला डावीकडे एक टेबल दिसलं, एक कपाट दिसलं. खिडकी कुठेच नव्हती.

शेजारी बसलेल्या शिक्षकाला तिने हळूच विचारलं, खिडकी कुठे आहे हो? तो म्हणाला, ती काय उजवीकडे, केवढी मोठी आहे.

जन्मात एकदा पोर उजेडात उभी राहणार, आणि आईला काय दिसणार? लाकूड.

मोलकरणीचा प्रवेश मध्यंतरानंतर होता, हाच काय तो धीर. मध्यंतर होताच ती तिकीट खिडकीकडे धावली. खिडकीवाल्याने कपाळावर हात मारला. सवयीने दिलं हो ताई, म्हणाला, आणि आता तर स्टूलसुद्धा शिल्लक नाही.

स्टूल नव्हतं. पण पहिल्या रांगेच्याही पुढे पाच सोफे मांडलेले होते, लाल दोरी लावून. मान्यवरांसाठी. या मान्यवरांनी आपल्या परंपरेवर पाऊण तास भाषणं ठोकली होती, पहिल्या अंकात दोघे घोरले होते आणि मध्यंतराचा चहा पिऊन पाचही जण गाडीत बसून पसार झाले होते. फुकटातलं नाटकही त्यांना झेपेना. तरी दोरी जागच्या जागी होती. माणूस गेला तरी मान बसून राहतो, ही आपल्याकडची रीत.

दुसरी घंटा झाली. तिने दोरी उचलली, खालून वाकून आत शिरली आणि मधल्या सोफ्यावर बसली. सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरल्या.

म्हातारा दरवान धावत आला. "ताई, उठा. ही पाहुण्यांची जागा आहे."

"पाहुणे गेले," ती म्हणाली. "मी घरची आहे."

तो पुढे काही बोलणार तोच तिसरी घंटा झाली. तिसऱ्या घंटेनंतर दाराला कडी लागते आणि मग राजा असो की भिकारी, कुणी जागेवरून हलायचं नाही, हा तिथला शंभर वर्षांचा नियम. दरवानाने तो आयुष्यभर पाळला होता. नियमाला शिव्या देत तो कडी लावायला गेला.

पडदा वर गेला. काय दिसत होतं तिथून! नटीच्या गळ्यावरचा घाम दिसत होता, कपाटाचा रंग उडालेला दिसत होता. आणि उजवीकडे ती खिडकी, तिच्याखाली उजेडाचा गोल, गोलात खडूची फुली. आईने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

पोर आली. हातात तबक, पाठ ताठ. फुलीपाशी पोचली, आणि थांबलीच नाही. तशीच चालत राहिली. तीन, चार, पाच पावलं, डावीकडे, पार अंधारात.

आईला कळेना. मग तिने पाहिलं की पोर समोर बघत नाहीये, लांब मागे बघतेय. खांबाकडे. अकरा नंबरवरून नेमकं काय दिसतं हे या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक दिग्दर्शकाच्या धमकीला लाथ मारून त्या दिसणाऱ्या जागेवर जाऊन उभं राहिलं होतं.

बाईसाहेब झालेल्या नटीने विचारलं, किती पाहुणे आलेत?

"माणसं चार आहेत बाईसाहेब, पण भूक नऊ जणांची आहे."

कुणी हसलं नाही. तोंडच दिसत नाही, तर हसणार कशाला? पोरीला तेवढ्यात रिकामी खुर्ची दिसली असावी. तिचा चेहरा उतरला. अंधारातही आईला तो उतरलेला कळला. नटीने पुढचं वाक्य टाकलं: सांग त्यांना, मी घरी नाही. पोर गप्प. नटीने तेच वाक्य पुन्हा टाकलं. पोर गप्पच, तबकातल्या कपबशा किणकिणत होत्या.

हाक मारायची तर नाटक मोडणार. उठायचं तर नियम. आईला पाहुण्यांची भूक आठवली, मघाचे पाच मान्यवर आठवले, आणि घशात आपोआप खरखर सुरू झाली. एकदा. दोनदा. मग इंजिन पेटलं.

आधी सज्जा हसला, मग मागच्या रांगा, मग तो शिक्षक. निम्मे लोक तिच्या हसण्यालाच हसत होते. अंधारात पोरीची मान गर्रकन वळली. खांबावरून थेट सोफ्यावर.

मग ती निघाली. एक एक पाऊल, अगदी सावकाश, जणू तसंच बसवलेलं असावं. उजेडाच्या गोलात आली, फुलीवर पाय रोवला आणि आईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "सांगितलं बाईसाहेब. ते म्हणाले, चालेल, स्वयंपाकघर घरी आहे ना?"

नाट्यगृह दणाणलं. सज्ज्यावरून धूळ पडली. पुढची दोन वाक्यं पोरीने अशी फेकली की नटीला हसू लपवायला पाठ फिरवावी लागली.

खेळ संपल्यावर आई रंगपटात घुसली तेव्हा दिग्दर्शक पोरीला झाडत होता. आईला बघून तो बाजूला झाला. पोर तोंडाला रंग तसाच ठेवून तरातरा पुढे आली. रागाने तिचे कान लाल झाले होते.

"तू तुझ्या जागेवर का नव्हतीस?"

"आणि तू गं?" आई म्हणाली. "तू होतीस तुझ्या?"

दिग्दर्शक म्हणाला, पुढच्या खेळाला दोघींनीही जागा सोडायची नाही. तेवढ्यात पुन्हा ती खरखर सुरू झाली. या वेळी दोन घशांतून.