वाटाण्याच्या रंगाची साब

इंगेयेर्दच्या गोठ्यात आता गायी नाहीत. दार सरकवलं की आधी जुन्या गवताचा वास येतो, मग गार पेट्रोलचा. त्या दुपारी फळ्यांच्या फटींतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि उन्हाच्या त्या पट्ट्यांत ती उभी होती, इंगेयेर्दची जुनी साब गाडी. इथे दर गुरुवारी घरोघरी करतात त्या वाटाण्याच्या सूपाचा रंग. पुढून बेडकासारखं गोल नाक, मागून पाव ठेवायच्या डब्यासारखी चौकोनी. मी हसणार होते, पण हसू आलंच नाही. आपण एखाद्या प्राण्याच्या गुहेत शिरलोय आणि तो जागेवरून न हलता आपल्याकडे बघतोय, असं काहीतरी वाटलं. कडेवरच्या लेकीला, स्वेयाला, मी उगाचच घट्ट धरलं.

"माझ्या थोरल्याच्या वयाची आहे ती," इंगेयेर्द म्हणाली. "त्याचे दोन्ही गुडघे बदलले. हिचं अजून सगळं मूळचं आहे."

तिने मागचं दार उघडलं. डिकीत एक छोटं बाक होतं, उलट्या तोंडाचं. त्यावर बसलेल्या मुलांना रस्ता येताना नाही, फक्त मागे जाताना दिसणार.

"माझी तिन्ही पोरं इथे बसून मोठी झाली. आपण कुठून आलो ते त्यांना नेहमी नीट ठाऊक असायचं, कुठे चाललोय ते मात्र कधीच नाही."

स्वेयाने बाकाकडे बघितलं आणि तोंडाचा चंबू करून श्वास आत ओढला. श्शुप्.

या श्शुप्पायी मागच्या हिवाळ्यात मी तिला घेऊन सरोवरापलीकडच्या दवाखान्यात गेले होते. आम्ही स्कोनमधून, स्वीडनच्या पार दक्षिणेतून, येम्तलंडमधल्या या बेटावर राहायला येऊन थोडेच महिने झाले होते. पोरगी मध्येच दचकल्यासारखा श्वास आत ओढायला लागली. मी रात्ररात्र तिच्या छातीवर हात ठेवून बसले, फोनवर आवाज टिपून ठेवले, दम्यावरचं मिळेल ते वाचून काढलं. नर्सने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि स्वेयाला विचारलं, "काय गं, तुला पॅनकेक आवडतात?"

श्शुप्.

"जॅम लावून?"

श्शुप्.

"अगं बाई," नर्स मला म्हणाली, "ही तुला हो म्हणतेय. हो म्हणायला इकडे कोण तोंड उघडतं? श्वास आत घेतला की झालं. कोणी शिकवलं हिला?"

शिकवलं होतं इंगेयेर्दने. आमची शेजारीण. मी अभ्यासाला किंवा ड्रायव्हिंगच्या शिकवणीला जायचे तेव्हा स्वेया तिच्याकडे असायची. विद्यापीठात मी चार वर्षं भाषाशास्त्र शिकले होते. घरी आल्यावर नवऱ्याला, हाम्पुसला, ही गोष्ट सांगितली तेव्हा तो हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला.

तर गोठ्यात मी विचारलं, "ही मला विकशील?"

इंगेयेर्दने श्वास आत ओढला. या वेळी मला कळलं.

"पण स्टॉकहोमहून ते जुन्या गाड्या जमवणारे दोघं ट्रेलर घेऊन आले होते ना? त्यांना का नाही दिलीस?"

"ते तिला गालिच्यावर उभी करणार होते. ही माझ्याबरोबर तीस हिवाळे टपाल वाटत फिरलेली बाई. हिला गालिचा कशाला?"

गाडी लागत होती ती बर्फासाठी. सरोवर गोठायला लागलं की फेरीबोट बंद होते, आणि बर्फ पुरेसा जाड झाला की बेटापासून पलीकडच्या काठापर्यंत बर्फावरूनच रस्ता काढतात, दोन्ही कडांना स्प्रूसच्या झाडांच्या फांद्या रोवून. सुरुवातीला त्यावर फक्त हलक्या गाड्यांना परवानगी असते. आमची इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकांवरची बॅटरी. फलकावर लिहिलेल्या वजनात ती काही केल्या बसत नव्हती. पलीकडच्या काठावर ती पाहुण्यासारखी ताटकळत उभी होती.

आणि पलीकडेच माझी नोकरी होती. बाळंतपणाच्या रजेनंतर पहिल्यांदाच मिळालेली, वाचनालयात. स्वेयाची बालवाडीही तिकडेच. हाम्पुस किरूनाच्या खाणीत, पंधरवडा तिकडे, पंधरवडा घरी. तो घरी नसताना पोरीला घेऊन मला एकटीला बर्फावरून जाता-येता आलं नाही, तर इथे राहण्यात अर्थच नव्हता. तसं झालं तर घर विकायचं आणि परत लुंडला जायचं, हे आम्ही ठरवून टाकलं होतं. त्याने ते प्रेमाने म्हटलं होतं. "तूवे, जमलं नाही तर नाही. त्यात कमीपणा कसला?" हेच मला जास्त लागलं. लायसन्स हातात येऊन वर्षही झालं नव्हतं, पण हे घर मला हवं होतं. खिडकीतून दिसणारं ते पांढरं मोकळं मैदान मला हवं होतं. फक्त त्यावर पाय ठेवायची हिंमत नव्हती.

इंगेयेर्दने मला गाडी शिकवली ती नवख्याला टपाल वाटायला शिकवावं तशी: आधी काय, मग काय. टाकीत आधी ऑइल, मग वरून पेट्रोल, म्हणजे धार पडताना आपोआप मिसळतं. मग मागचा बंपर धरून गाडी दोन-चार वेळा हलवायची.

"हे कशाला?"

"ढवळायला नको? तू सूप ढवळत नाहीस?"

मी हलवली. गाडीच्या पोटात डुचमळल्याचा आवाज आला. मी आणखी थोडं ऑइल ओतायला डबा उचलला तशी तिने माझा हात धरला.

"पुरे. जास्त पाजलंस की ती गुदमरते."

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. आणि पायांपाशी, डॅशबोर्डखाली, एक काळी मूठ. ती बाहेर ओढलेली असली की गाडी मोकळी: ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तर चाकं आपली आपण धावत राहतात, इंजिन मागे राहून आपल्याशीच पुटपुटत बसतं. मूठ आत ढकलली की दोघं पुन्हा एकमेकांना बांधलेली.

"मोकळी कशाला ठेवायची?" मी विचारलं.

"इंजिनाला तेल पेट्रोलातूनच मिळतं. पाय उचललास की पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. तशात चाकांनी त्याला ओढत नेलं तर ते कोरडंच फिरणार. म्हणून मोकळं सोडायचं. तू पोरीला सोडत नाहीस, ते वेगळं."

"मी सोडते की."

"हो, दिसतंय ना." स्वेया माझ्या कोटाच्या आत होती. गोठ्यात वारा नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी मीच पेट्रोल भरलं. डब्यात थोडं ऑइल उरलं होतं. इंजिन पार पलीकडे पोचेपर्यंत कोरडं पडायला नको, लेकरू गाडीत आहे, म्हणून तेही ओतलं. इंगेयेर्द आसपास नव्हती.

काठावर मात्र ती होती, बर्फावर पायाने ढकलत न्यायच्या तिच्या घसरखुर्चीवर, गुडघ्यांवर थर्मास. गाडी निळा धूर सोडत पॉप-पॉप-पॉप करत आली तसं तिने नाक वर करून वास घेतला, अत्तर घ्यावं तसा. मग भुवया जवळ आणल्या.

"किती ऑइल घातलंस?"

"तू सांगितलंस तेवढंच."

तिने पुन्हा एकदा धुराचा वास घेतला. "बरं," एवढंच म्हणाली.

"बरोबर येतेस का?"

"मी आले तर तू माझ्या तोंडाकडे बघशील. रस्त्याकडे बघ. थांबायचं नाही, पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. आणि खालच्याला घाबरू नकोस. या धुरापुढे तो वर येतच नाही." खालचा म्हणजे सरोवरातला तो प्राणी, ज्याच्या नावाने इथली पोरं एकमेकांना भिववतात.

बर्फावर उतरायच्या आधी पट्टे सोडायचे असतात. काही झालंच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून. माझा मी सोडला. स्वेया माझ्या शेजारी, उलट्या तोंडाच्या तिच्या बालखुर्चीत. या गाडीत एअरबॅगच नाही, म्हणून ती पुढे बसू शकते. तिच्या छातीवरचं ते बक्कल. ती जन्मल्यापासून ज्याचा टक् ऐकल्याशिवाय मी गाडी हलू दिली नव्हती, ते मी माझ्या हाताने उघडलं. खिडकी अर्धी खाली केली. आणि साब सूपाच्या पेल्यासारखी डुलत काठावरून उतरली.

पहिल्यांदा तर काहीच झालं नाही. रस्त्यावरून जावं तशी गाडी चालली होती. फांद्या मागे जात होत्या. स्वेया मागच्या काचेतून बघत होती.

"इंगे छोटी झाली," ती म्हणाली.

"हो ना?"

श्शुप्.

"आता इंगे बोटाएवढी."

काठ मागे गेला. वाऱ्याने जिथे बर्फ झाडून काढला होता तिथे खाली काळं दिसायला लागलं. काळं, पण आरपार. त्यात पांढरे बुडबुडे एकावर एक थिजलेले, नाण्यांच्या चळतीसारखे, आणि भेगा, हातभर खोल, पडदा लोंबावा तशा. मी ॲक्सिलरेटरवरून जरा पाय उचलला. इंजिनाचं पॉप-पॉप संथ झालं, मग अडखळलं. पॉप. पॉप.

आणि बंद.

गाडी थांबली नाही, तशीच धावत होती, कोणाचीही मदत नसताना. मी चावी फिरवली. इंजिनाने नुसता खोकला काढला. मी क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. ढकलस्टार्ट असाच करतात, शिकवणीत शिकवलं होतं. काहीच झालं नाही. चाकं धावत होती आणि इंजिनाला त्याचा पत्ताच नव्हता. जास्तीचं ऑइल. मीच पाजलेलं. थांबायचं नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

तेवढ्यात तो आवाज आला.

कुठून आला ते सांगता येत नाही. खालून, लांबून, सगळीकडून. मैलभर लांबीची तार कोणी ताणावी आणि तिच्यावर एकदाच बोट फिरवावं. आवाज एका काठापासून निघाला, आमच्या चाकांखालून गेला आणि दुसऱ्या काठाकडे दूर दूर निघून गेला. मग उत्तरासारखा आणखी एक, बारीक. लोक सांगायचे बर्फ गातो म्हणून. मला वाटायचं नवख्यांना भिववायची रीत. पण हे गाणंही नव्हतं. हे एवढं मोठं काहीतरी झोपेत कूस बदलत होतं, आणि आम्ही त्याच्या अंगावरून एका टिनाच्या डब्यात घरंगळत चाललो होतो, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. ना राग, ना माया. आकाश दुधी, सरोवर दुधी, मध्ये डोंगरांची एक निळी रेघ. चाकांची फक्त रेशमासारखी सरसर. भीती कुठे गेली ते मला कळलंच नाही. तिला मावायला जागाच उरली नव्हती.

मी स्वेयाकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. पट्टा नसलेली, टोपी एका कानावर सरकलेली, ती माझ्याकडे बघत नव्हती. मी बघतेय का हेही तिला बघायचं नव्हतं. ती ऐकत होती.

"आई, कोण?"

"सरोवर."

ती विचारात पडली. गाडीचा वेग उतरत चालला होता. उतरू दे, असं खरोखरच क्षणभर मनात आलं; हे संपूच नये. मग इंगेयेर्दचा हात आठवला, डब्यावर ठेवलेला. मोकळं सोडायचं. आणि सोडलेलं परत कसं धरायचं?

मूठ.

मी गिअर काढला, वाकून ती काळी मूठ आत ढकलली. खट्. क्लच, तिसरा गिअर, आणि सावकाश पाय वर. साबला एक झटका बसला, मग दुसरा, सायलेन्सरमधून फटाका वाजला, आणि पॉप-पॉप-पॉप करत तिने एवढा निळा ढग सोडला की मागचं बेट त्यात बुडून गेलं. स्वेया टाळ्या पिटायला लागली. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि साबचा घसा साफ होईपर्यंत तसाच दाबून ठेवला. मग मूठ पुन्हा बाहेर ओढली.

पलीकडच्या काठावर चढून मी आमच्या त्या जड, महागड्या गाडीशेजारी साब उभी केली. मी स्वेयाला मांडीवर घेतलं. फोन वाजला. हाम्पुस बहुधा पाळी सोडून वर आला होता. मागे वारा वाजत होता.

"तूवे? कुठे आहेस? निघालीस का?"

"पोचलेय."

"पोचलीस? दोघी? सगळं ठीक?"

"मध्येच इंजिन बंद पडलं होतं."

"काय? बर्फावर? बरं ऐक, शांत हो. आता परत एकटीने जाऊ नकोस. गाडी तिथेच राहू दे, मी कोणालातरी पाठवतो. आणि घराचं... हे बघ, आपण प्रयत्न केला ना? मी एजंटला फोन करू का?"

"नको. आम्ही दुपारी परत जातोय. याच गाडीने."

"नक्की? म्हणजे... राहायचं आपण तिथे? तुला खरंच राहायचंय?"

समोर सरोवर पसरलं होतं. आमच्या चाकांच्या दोन रेघा त्यावरून सरळ गेल्या होत्या आणि त्यांच्या टोकाशी, बोटाहूनही लहान, एक काळा ठिपका घसरखुर्चीवर बसून कॉफी पीत होता. मला उत्तर द्यायचं होतं. पण शब्द बाहेर यायच्या आधीच माझा श्वास आत गेला.

श्शुप्.

"हॅलो?" हाम्पुस म्हणाला. "तूवे? हॅलो? आवाज येत नाहीये तुझा."