काळ्या मातीवरची गॅलरी

देवमन अमरावतीच्या त्या कॉलेजात माळी म्हणून लागला, तेव्हा स्टेडियम कुठलं आलंय! पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, वावर होतं नुसतं. पन्नास साली त्यानं बैलजोडी जुंपून रोलर फिरवला, चुन्याच्या रेघा मारल्या, दोन टोकांना बल्ल्या ठोकून गोल उभे केले. लोक बैलबंड्यांवर बसून फुटबॉल बघायचे. मग तारेचं कुंपण आलं, मग पाहुण्यांपुरता टिनाचा मांडव. आणि त्रेसष्टच्या हिवाळ्यात चक्क सिमेंटची गॅलरी, दहा पायऱ्यांची! देवमनची मनकर्णा या मैदानावरच रांगता रांगता चालायला लागली होती. आता ती नववीत होती आणि निबंधात शाळेतून पहिली आली होती. मग काय, तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते!

पाया खोदला, तो तीन फूट. देवमननं वाकून पाहिलं.

"किसनराव, अजून काळीच माती हाये. मुरूम लागू द्या. हे माती वाळली का फाटते अन् पाणी प्याली का फुगते. भिंत उचलून फेकन."

ठेकेदार किसनराव पानाची पिंक टाकत म्हणाला, "तू गवत काप, देवमन. इंजिनियर काय तुले इचारून नकाशा काढते?"

मजूर खो खो हसले. शेजारी उभ्या मनकर्णाचे कान तापले.

"बा, तोंडचं बोलणं वाऱ्यावर जाते. आपुन अर्ज देऊ."

"जाऊ दे वं माय. आपल्याले कोन इचारते?"

पण ऐकेल ती मनकर्णा कसली! तिनं लिहिलं : पाया मुरमापर्यंत न नेल्यास, व मुळाशी पाणी मुरल्यास, गॅलरीस तडे जातील. खाली बापाची सही घेतली आणि स्वतः जाऊन कॉलेजचे सेक्रेटरी वामनराव यांच्या हाती दिला.

"वा! अक्षर मोत्यासारखं आहे, पोरी," ते म्हणाले आणि अर्ज फायलीत ठेवला. मनकर्णा घरी चालत नाही, उडतच आली.

पाया तीन फूटच राहिला.

गॅदरिंगला उद्घाटनाची मॅच ठरली, अकोल्याच्या संघाशी. वामनरावांनी देवमनला बोलावलं. "मैदान हिरवंगार पाहिजे. अकोलेकरांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. पंधरा दिवस पाणी सोड."

"साहेब, मातीले भेगा पडल्या हायेत. पाणी गॅलरीच्या पायाखाली जाईन."

"सांगितलं तेवढं कर."

देवमननं पाणी सोडलं. ते भेगांतून गटागटा खाली गेलं. मॅच झकास झाली, गॅलरी गच्च भरली, मनकर्णा सगळ्यात वरच्या पायरीवर बसून घसा बसेस्तोवर ओरडली. चौथ्या दिवशी गॅलरी वरपासून खालपर्यंत फाटली. भेगेत हात जाईल एवढी.

कॉलेजच्या कमिटीपुढं देवमन उभा राहिला. मागे मनकर्णा. वामनरावांनी फाइल उघडली आणि तिचाच अर्ज मोठ्यानं वाचला.

"म्हणजे पाणी मुरलं की तडे जातात, हे तुला माहीत होतं. तरी सोडलंस?"

"तुमीच तं म्हणलं होतं, साहेब."

"कुठं लिहिलंय?"

देवमननं मागे वळून लेकीकडे पाहिलं. निबंधात पहिली आलेली मनकर्णा! तिला सगळं माहीत होतं, कोण काय बोललं, कुठं उभं राहून बोललं. पण कागदावर होतं ते एवढंच, तिच्या मोत्यासारख्या अक्षरात, आणि खाली बापाची सही.

"उद्यापासून येऊ नको," वामनराव म्हणाले.

देवमननं खांद्यावरचं दोरीचं वेटोळं काढलं. मग म्हणाला, "रेघा मारायची दोरी कोनापाशी देऊ?"

वामनराव फाइल बांधू लागले. देवमननं दोरी दाराशी ठेवली.

पुढच्या महिन्यात बापलेक बाजाराला जाताना तारेपलीकडे फाटलेल्या गॅलरीच्या जागी खोदकाम दिसलं. नवा ठेकेदार होता, खड्डा पुरुषभर खोल गेला होता, आणि कडेला पिवळ्या मुरमाचा ढीग पडला होता.

"लागला एकदाचा," देवमन म्हणाला. थोडा वेळ तारेला धरून बघत राहिला.

"चाल ना, बा," मनकर्णानं त्याची पिशवी आपल्या हातात घेतली.